धोपटणी

संध्याकाळचा भोंगा झाला की गारगोटी दळणाऱ्या गिरणीमागे पत्र्याच्या पडवीत रांग लागे. ही रांग मार खाण्यासाठी असे.

पडवीत जाड फळीचे एक लांब बाक होते. ज्याची पाळी येई तो त्यावर पालथा पडे, डोके कडेवरून खाली सोडी आणि बाकाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरी. मागे उभा असलेला माणूस रबरी नळी चढवलेला दांडा उचलून त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध हाणू लागे. पहिल्याच फटक्याला पांढऱ्या धुळीचा लोट उठे आणि रांगेतून कुणीतरी समाधानाने म्हणे, "निघतेय." पडलेला माणूस खोके, राखाडी बेडका टाके, तांबारलेल्या डोळ्यांनी उठून बसे आणि हलके वाटते म्हणे. मग पुढचा पालथा पडे. या प्रकाराला तिथे धोपटणी म्हणत, आणि ती अंघोळीइतकीच रोजची होती.

तिची सुरुवात कुणी केली ते कुणालाच ठाऊक नव्हते. पण ती कशावरून सुचली हे गिरणीत पाऊल टाकणाऱ्याला लगेच कळले असते. तिथे पांढरी गारगोटी फोडून, दळून तिची मैद्यासारखी पूड करत आणि ती काचेच्या कारखान्यांना जाई. दळताना उडणारी धूळ मोठ्या पंख्याने ओढून कापडी पिशव्यांत कोंडत. पिशव्या माणसाच्या उंचीच्या, ओळीने टांगलेल्या. त्या गच्च भरल्या की पंखा धापा टाकू लागे, आणि मग कुणीतरी आत शिरून त्यांना दांड्याने बडवावे लागे. धूळ झडली की पिशवी मऊ पडे आणि गिरणी पुन्हा श्वास घेऊ लागे. हे रोज पाहणाऱ्या माणसाची स्वतःची छाती कोंदली तर तो दुसरे काय करणार? माणूस म्हणजे तरी काय, कातड्याची पिशवी. तर्क चुकीचा होता, पण त्याला डोळ्यांदेखतचा पुरावा होता. मारले की धूळ निघत होती.

पिशव्या बडवणाऱ्याला सगळे धोपट्या म्हणत. त्याचे खरे नाव पगार वाटणाऱ्यालाही चटकन आठवत नसे. आडवा बांधा, गुडघ्यापर्यंत पोचतील असे वाटणारे हात, पापण्यांवर कायमची पांढरी साय. त्याची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत माहेरी निघून गेली होती. आपला तिला कंटाळा नव्हता, फक्त रोज पोत्याशेजारी झोपल्यासारखे वाटायचे, असे तो स्वतःच हसत सांगे. गिरणीतल्या पिशव्या संपल्या की पडवीतला दांडाही त्याच्याच हातात येई. मुकादम जाता-येता थांबून म्हणे, "आमचा धोपट्या सरळधोपट माणूस. पोटात काही नाही, जे आहे ते हातात." पडवीतले बाक मुकादमाने स्वतः लाकूड देऊन करून घेतले होते. नाकातोंडाला बांधायला नवे फडके मागितले तर तो कुरकुर करी. बाकाच्या बाबतीत मात्र त्याचा हात सढळ होता.

धोपटणीचे नियम होते. हलकी छाती कुणाच्याही हातून झाडून घ्यावी. गच्च भरलेली छाती मात्र रक्ताच्या माणसानेच धोपटायची, कारण परका एक तर दया करील नाहीतर जुना सूड उगवील. पोत्यांत पूड भरणारा पोतेवाला आपल्या बापाला शेवटी शेवटी रोज घरी धोपटत असे. बाप गेल्यापासून तो पडवीत येई तो फक्त मार खायला. दांडा घे म्हटले तर मागे सरके आणि का ते सांगत नसे.

धोपट्याच्या घरात गच्च भरलेली छाती होती ती धाकट्या भावाची.

धाकटा गिरणीच्या तोंडाशी कामाला होता. फोडलेली गारगोटी टोपलीने जबड्यात ओतायची आणि उसळून येणारा ढग अंगावर घ्यायचा. शीळ घालण्यात तो पटाईत. भोंग्याची हुबेहूब नक्कल करून भोंग्याआधीच सगळ्यांना फसवी, आणि लोक हातातले फावडे टाकून बाहेर आले की त्याला शिव्या घालत परत जात. ती शीळ बंद पडून आता बरेच दिवस झाले होते. तो घरीच असे. दाराशी उकिडवा बसे, हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढवून, आणि हवा अशी ओढी की जणू दुसऱ्या टोकाने ती कुणी धरून ठेवली आहे. एका दमात दोन-तीन शब्दच निघत. "मी आता... तारेने बोलतो," तो म्हणे. "जास्त शब्द... परवडत नाहीत."

त्याची बायको कुणाला न विचारता त्याला नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरणीने छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितले की आत बसलेली धूळ आता निघण्यातली नाही. तिच्याभोवती फुप्फुस निबर होऊन गेले आहे. औषधाने त्रास थोडा सोसवेल, तेवढेच. मग पाठीवरचे काळेनिळे वळ पाहून तिने विचारले, याला कोण मारते? धाकट्याच्या बायकोने मान खाली घातली. घरी आल्यावर मात्र ती मोठ्या दिराशी पहिल्यांदाच मान वर करून बोलली.

"दादा, आजपासून धोपटणी बंद. डॉक्टरीण म्हणाली, ती धूळ निघत नसते."

धोपट्या रागावला नाही. त्याला तिची कीवच आली. पडवीत किती जणांची निघते ते तू एकदा ये आणि बघ, असे त्याने तिला सांगितले. "ती बाई कधी गिरणीत आली होती का? ती फोटोत बघून सांगते. मी फटक्याला बघतो."

आईने थोरल्याचीच बाजू घेतली. आणि खरी अडचण ही होती की धाकटाही त्याच्याच बाजूचा होता. त्याला जगायचे होते. दवाखाना म्हणत होता, काही करता येणार नाही. भाऊ म्हणत होता, करता येईल. अशा वेळी माणूस कुणाचे ऐकणार?

पण एक गोष्ट धोपट्याला आतून कुरतडत होती. धाकटा घरी बसल्यापासून त्याच्या पाठीतून धूळ निघेनाशी झाली होती. आधी थोडी निघाली, मग विरळ, मग काहीच नाही. पडवीत बाकीच्यांची लोटाने निघत होती, आणि सख्खा भाऊ, ज्याच्या छातीत सगळ्यांत जास्त, त्याची चिमूटभर नाही. पिशव्यांच्या बाबतीत याचा अर्थ त्याला पक्का माहीत होता. पूड ओल धरते, कापडात रुतून बसते, आणि अशी पिशवी हलक्या हाताला दाद देत नाही. तरी त्याने मुकादमाला विचारले. मुकादमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसलीय ती. जरा मनावर घे. भाऊ आहे म्हणून हात आखडू नकोस."

सुट्टीचा दिवस होता. ऊन चांगले पडले होते. धाकट्याच्या बायकोने त्याचा सदरा सकाळीच धुऊन वाळवला, त्याच्या अंगात घातला आणि कॉलर सारखी केली. त्याला ओट्यावर उन्हात बसवायचे तिच्या मनात होते. इतक्यात धोपट्या दांडा घेऊन आत आला आणि आईने खाटेवरची गादी गुंडाळायला घेतली.

बायकोने नवऱ्याच्या पुढे उभे राहून सांगितले की आज नाही. त्याला बसल्या जागी धाप लागतेय. आईने तिचा दंड धरून ओढले. ती सुटली आणि सरळ दांड्यालाच लोंबकळली. धोपट्याला तिला मारायचे नव्हते, बाजूला सारायचे होते. पण त्या हातांना सारण्याचा अंदाजच नव्हता. ती दाराच्या चौकटीवर आपटली, भुवईवर फुटले आणि रक्त डोळ्यात उतरले.

"दादा," खाटेवर पालथा होता होता धाकटा म्हणाला, "तिला... नको. मी... आहे ना."

त्याने थट्टाच केली होती.

पहिल्या फटक्याला धूळ निघाली नाही. दुसऱ्याला नाही. धोपट्याने पाय फाकवले आणि दांडा दोन्ही हातांत घेतला. धाकट्याची बोटे खाटेच्या लाकडात रुतली. प्रत्येक फटक्याबरोबर त्याच्या तोंडातून हवा भस्सकन बाहेर पडे आणि परत आत शिरायला तयार नसे. धोपट्याची नजर फक्त पाठीवर होती. तोंड खाली लोंबत होते, ते त्याला दिसत नव्हते. "निघ," तो दातओठ खात म्हणत होता, "निघ की." राग भावावर नव्हता, धुळीवर होता, पण मध्ये भाऊच होता. सदऱ्याची शिवण उसवली. कापडाखाली जुने वळ फुटून ओले डाग वर आले. बायको एका डोळ्याने बघत भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करत होती. आईने तोंड कोपऱ्याकडे फिरवले होते. मग दांडा खांद्यावरून सगळ्या वजनानिशी खाली आला आणि आत काहीतरी कट्कन मोडले. सुकी काटकी मोडावी तसे.

धोपट्या थांबला. धाकट्याने सावकाश मान वळवली. ओठ निळे पडले होते आणि कोपऱ्यातून गुलाबी फेस येत होता. तो भावाकडे अगदी आशेने बघत होता.

"निघाली... का?"

"निघाली," धोपट्या म्हणाला. धोपटणीबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोलला.

धाकट्याने मान हलवली आणि मग तो हवेसाठी झगडू लागला. बायकोने त्याला उताणा करून मांडीवर घेतला. त्याची छाती एकाच बाजूने हलत होती. तिच्या भुवईतले रक्त त्याच्या गालावर ठिबकत होते आणि ती ते पुन्हा पुन्हा पुसत होती. थोड्याच वेळात पुसण्यात काही अर्थ उरला नाही.

रडण्याचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मुकादम दारात हजर होता. त्याने नवे कापड आणले होते आणि गिरणीचा ट्रक कोपऱ्यावर उभा करून ठेवला होता. त्याने आईचे पाय धरले, दोन शब्द बरे बोलला, आणि मग धोपट्याला कोपराला धरून घरामागे नेले. काय झाले ते त्याने विचारले नाही. खाट बघितली, दांडा बघितला आणि आवाज खाली आणला.

"हात जड पडला तुझा. मी काही बघितलं नाही. कुणी विचारलं तर दम लागून गेला."

पुढचे त्याने समजूत काढल्यासारखे सांगितले. बाहेर बोभाटा झाला तर सख्ख्या भावाचा खून म्हणून लिहिले जाईल. म्हातारीला मग कोण बघणार? त्यापेक्षा टेकडीमागे खड्डा खणायला माणसे लावली आहेत, अंधार पडायच्या आत सगळे उरकेल, आणि ही गोष्ट आपल्या दोघांत राहील. धोपट्याने ऐकून घेतले आणि मुकादमाचे दोन्ही हात हातांत धरले. त्याला त्या क्षणी त्या माणसाबद्दल खरोखर कृतज्ञता वाटत होती. हे नोंदवून ठेवले पाहिजे, कारण असे अत्याचार चालतात ते नुसत्या धाकावर चालत नाहीत, या कृतज्ञतेवर चालतात.

तो आत आला तेव्हा भावजय प्रेताच्या अंगातून सदरा काढत होती. भुवईवरचे रक्त सुकून काळे पडले होते. ती रडत नव्हती. तिने सदरा झटकला, एकदा, दोनदा, आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"हा मी सकाळी धुतला होता. तुम्ही यातून काय काढत होता, दादा? तो गिरणीत जातच नव्हता, तर धूळ यायची कुठून?"

धोपट्याला कळायला वेळ लागला. त्याने खुंटीवरचा स्वतःचा कामाचा सदरा ओढला, मोकळ्या खाटेवर टाकला आणि त्यावर दांडा हाणला. पांढरा लोट छतापर्यंत गेला. त्याने पुन्हा हाणला. पुन्हा लोट. सदऱ्यात पाठ नव्हती, छाती नव्हती, कुणाचा बाप किंवा भाऊ नव्हता. धूळ निघतच होती. खोली धुरकट झाली, आई खोकू लागली, तरी तो हाणतच राहिला. मग त्याने भावाचा सदरा घेतला, नीट पसरला आणि त्याच जोराने एक फटका मारला. काही नाही. त्याने तो पुन्हा नीट पसरला, बाह्या सरळ केल्या, पण दांडा उचलला नाही. खाली बसला आणि स्वतःचे हात उलटसुलट करून बघत राहिला.

मग त्याने भावजयीला विचारले, "ती डॉक्टरीण आत बघू शकते का? फोटोत नाही. उघडून."

तिने सांगितले की मेल्यावर बघतात. पण दम लागून गेलेल्याचे कुणी बघत नाही. पोलिसांनी पाठवले तरच. कुणी मारून टाकले असेल तरच.

"मग झालंच की," धोपट्या म्हणाला. "मारूनच टाकलाय."

आईला आधी कळले नाही. कळले तेव्हा तिने त्याच्या पायांना मिठी मारली. एक गेला, आता तूही जाणार, मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू, असे ती म्हणत राहिली. त्याने तिची बोटे एकेक करून सोडवली, भावाला उचलून शेजाऱ्याच्या हातगाडीवर ठेवले आणि कामाचा सदरा अंगात चढवला. भावजयीने दांडा उचलून घेतला. तो दाखवावा लागेल, एवढेच ती म्हणाली.

चौकीचा रस्ता गिरणीच्या फाटकावरून जातो. मुकादम ट्रक आडवा लावून उभा होता. खड्डा खणून आलेली त्याची माणसे फावड्यांसकट खाली उतरली. त्याने आधी गोडीने विचारले, मग आवाज चढवला, मग हातानेच खूण केली. पहिले फावडे धोपट्याच्या कानावर बसले. कान फाटून लोंबू लागला. त्याने हातगाडीची मूठ सोडली नाही. त्याला त्या सगळ्यांना एकट्याने आडवे करता आले असते, हे मारणारेही जाणून होते. म्हणून ते अधिकच घाबरून मारत होते. फावड्यांचे दांडे त्याच्या पाठीवर, मानेवर, बरगड्यांवर पडत होते आणि तो गाडी पुढे रेटत होता, वाकून, बाकावर वाकावे तसा.

दोघांनी प्रेताचे पाय धरून ओढले. प्रेत अर्धे खाली आले. तेवढ्यात मागून धावत आलेली आई त्याच्यावर पालथी पडली. मुकादमाने तिला केसांना धरून उचलायला घेतले आणि तिने त्याच्या हाताचा असा चावा घेतला की तो किंचाळला. भावजयीने दांडा फिरवला. तो मुकादमाच्या तोंडावर बसला. दात तुटून रक्ताची पिचकारी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. गल्लीतले लोक गाडीमागून फाटकापर्यंत आले होते. मदतीला कुणी आले नाही, पण मुकादमाच्या बाजूनेही कुणी पाऊल टाकले नाही.

"खुनी आहे तो," मुकादम रक्त थुंकत ओरडला. "हात जड पडला त्याचा. मीच झाकत होतो."

घोळक्यात पोतेवाला उभा होता. हे शब्द त्याने आधी ऐकले होते. बाप गेला त्या दिवशी, घरामागे, अशाच खालच्या आवाजात. आजवर त्याला वाटत होते की ते जगात फक्त त्यालाच सांगितले गेले आहेत. तो पुढे झाला आणि वाटेत उभ्या असलेल्या फावडेवाल्याला दोन्ही हातांनी बाजूला ढकलले. दुसऱ्याने आपले फावडे आपणच खाली टेकवले. हातगाडी पुढे गेली.

चौकीत फौजदार चहा पीत होता. कानातून रक्त गळणारा एक आडदांड माणूस, कपाळ फुटलेली बाई, प्रेतावर हात ठेवून बसलेली म्हातारी, हे पाहून त्याला आधी वाटले की हे तक्रार घेऊन आलेत.

"भावाला मी मारलं," धोपट्या म्हणाला. "लिहून घ्या. आणि त्याची छाती उघडायला सांगा."

फौजदाराने कप खाली ठेवला. इतक्या जोराने का मारलेस, असे त्याने विचारले.

"धूळ निघत नव्हती म्हणून."

फौजदाराने ते उत्तर त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले, कारण ते कुठल्या रकान्यात घालायचे ते त्याला कळेना.

छाती उघडली ती त्याच डॉक्टरणीने. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः चौकीत आली. धोपट्याला कोठडीच्या गजांपाशी आणले होते. तिने काहीही मऊ करून सांगितले नाही. बरगडी मोडून फुप्फुसात घुसली, त्याने मरण आले. ते तुझ्या हातचे. पण ते फुप्फुस कापताना सुरी चालत नव्हती. दगडावर घासावी तशी कुरकुरत होती. त्या छातीत श्वासाला जागाच उरली नव्हती. एकही फटका बसला नसता तरी तो फार दिवस काढणार नव्हता. ती म्हणाली, "मी दोन्ही लिहिणार आहे."

"दोन्ही लिहा," धोपट्या म्हणाला. त्याने तिला एकच विचारले: त्यातले थोडे ठेवले आहे का. तिने मान हलवली. बाटलीत ठेवले होते. मोहोर लावून.

मुकादम दोनदा येऊन गेला. तोंडाला पट्टी होती, बरोबर वकील होता. गिरणीचा याच्याशी संबंध नाही, घरातल्या भांडणात भावाने भावाला मारले, आरोपी स्वतः कबूल करतो आहे, मग तपास कसला, असे वकिलाने फौजदाराला विचारले. प्रश्न बिनतोड होता आणि फौजदारालाही तो पटू लागला होता. कागद बंद करायला तशी काहीच अडचण उरली नव्हती.

त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि पडवीत कुणी गेले नाही.

चौकीच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा पोतेवाला चढला. कामावरून तसाच आला होता. केस, भुवया, मान, सगळे पांढरे. बोलायला तोंड उघडले आणि आधी खोकलाच आला. त्याने टेबलाचा आधार घेतला तेव्हा लाकडावर त्याच्या पंजाचा ठसा उमटला. तो म्हणाला की माझ्या बापाला मी मारले. मुकादम म्हणाला होता, हात जड पडला. टेकडीमागे पुरले आहे. उकरून काढा आणि त्याचीही छाती बघा.

फौजदाराने नवा कागद पुढे ओढला. मग त्याची नजर दाराबाहेर गेली. पोतेवाल्याच्या मागे आणखी एक उभा होता. त्याच्या मागे आणखी. एकाने चुलत्याला धोपटले होते, एकाने मोठ्या भावाला, एका म्हाताऱ्याने मुलाला. प्रत्येकाला ते शब्द एकट्याला गाठून सांगितले गेले होते, आणि प्रत्येक जण ते उरात घेऊन रोज संध्याकाळी त्याच बाकावर पालथा पडत होता. कुणी एकमेकांकडे बघत नव्हते. रांग पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेली होती आणि तिच्यातून फक्त खोकला ऐकू येत होता.

एवढी माणसे एकदम आत येऊ लागली तसा दाराजवळचा शिपाई गडबडला. त्याला कुणाचे वाईट करायचे नव्हते. पोतेवाल्याला वाट मोकळी करून द्यावी म्हणून, "चल, पुढे सरक," असे म्हणत त्याने त्याच्या पाठीवर हाताने एक थाप मारली. पांढरा लोट उठला आणि चौकीच्या दिव्याभोवती फिरत राहिला. शिपाई चकित होऊन स्वतःच्या हाताकडे बघू लागला. मग त्याने कुतूहलाने पुन्हा हात उचलला.

कोठडीच्या गजांमागून धोपट्या म्हणाला, "मारू नका, साहेब. ती सदऱ्यातली आहे."